फणसाचं टेबल आणि तीन सूत

"काका, मी देवगड तालुक्यातली, वय 23. बाबा सुतार आहेत. दारं, खिडक्या, देव्हारे, पाट असं त्यांचं काम. मी कोल्हापूरला दोन वर्षांचा इंटिरिअरचा डिप्लोमा केला आणि मग वर्षभर एका ऑफिसात मॉड्युलर किचनची ड्रॉइंग्ज काढली. त्यात जीव रमला नाही. मला फर्निचर डिझाइन करायचंय. एप्रिलमध्ये तारकर्लीच्या एका होमस्टेसाठी जेवणाचं टेबल मी डिझाइन केलं, बाबांनी बनवलं. आमच्या माळ्यावर बारा वर्षं पडून असलेल्या फणसाच्या फळ्या जोडून सहा फूट बाय तीन फुटांचा टॉप, भोवती ऐनाच्या लाकडाची चौकट, कोपरे पंचेचाळीस अंशात. फोटो सगळ्यांना आवडले. जुलैत मालकांचा फोन आला, चारही कोपरे उघडलेत म्हणून. बाबा एवढंच म्हणाले, 'मी तेव्हाच म्हटलेलं, पावसात ह्या फुगतला.' तेव्हापासून या विषयावर आमचं बोलणंच बंद आहे. फर्निचर डिझायनर व्हायला नक्की काय काय यावं लागतं? अहमदाबादला शिकायला जाऊ का? आणि मुलीने हातात रंधा घेतला की आमच्याकडे येणारा-जाणारा थांबून बघतो, त्याचं काय करू? – स."

प्रिय स.,

आधी टेबलाचं बोलू. तुझ्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्या उघडलेल्या कोपऱ्यांतच आहेत.

तुझं लाकूड खराब नव्हतं. चांगलं होतं, आणि खडखडीत वाळलेलं होतं. कौलांखालचा माळा, बारा वर्षं, वर एप्रिलचं ऊन. तो टॉप तू नेऊन ठेवलास तारकर्लीला, जिथे एका अंगाला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. पावसाळ्यात तिथे बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं. लाकडाने हवेतली ओल ओढून घेतली आणि ते फुगलं. जुनं लाकूड हलत नाही असा आपल्याकडे एक समज आहे, तो खोटा आहे. शंभर वर्षांच्या वाड्यातला दरवाजासुद्धा श्रावणात घासतोच की.

आता हिशेब बघ. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. ढोबळमानाने लाकडातली ओल चार टक्क्यांनी वाढली की रुंदी एक टक्क्याने वाढते. जात कुठली आणि फळी कशी कापलीय यावर थोडं कमी-जास्त. तुझा टॉप 36 इंच रुंद. त्याचा एक टक्का म्हणजे 0.36 इंच, बाबांच्या टेपवर साधारण तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). या तीन सुतांना जायला तू जागाच ठेवली नव्हतीस. चारही बाजूंनी ऐनाची चौकट, तीही फेविकॉल लावून पक्की. आखूड बाजूची पट्टी ऐनाच्या लांबीत, ती काही वाढायची नाही. मग फळ्यांनी वाट काढली ती कोपऱ्यांतून.

तुमच्या घरात जेवायचा जुना पाट असेलच. तो उलटा करून बघ. आमच्याकडे आजोबांच्या वेळचा शिवणीचा एक पाट आहे. त्याच्या पोटाला दोन आडव्या पट्ट्या आहेत, पण खिळा एकही नाही. फळीत आडवी खाच मारलीय, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद, आणि पट्टीची कडही त्याच उताराने तासलीय. पट्टी बाजूने आत सरकवून लाकडी हातोडीने ठोकत नेलेली. पट्टी फळीला वाकू देत नाही, पण फळीला रुंदीत फुगायला-आकसायला मोकळीक आहे. बाजारातला पाट आण, त्याला त्याच पट्ट्या खिळ्यांनी मारलेल्या असतात. शिमग्यापर्यंत त्याला मधोमध उभी चीर जाते. दोन्ही पाट दिसायला सारखेच. डिझाइन म्हणतात ते या दोघांच्या पोटातला फरक, आणि तो फोटोत येत नाही.

तुझ्या बाबांना हे ठाऊक होतं. मग माझा त्यांनाही एक प्रश्न आहे: ठाऊक होतं तर फेविकॉलचा डबा उघडलात कशाला? मला वाटतं, मुलगी शिकून आलीय, कागदावर काढून दिलंय, तेव्हा असेल काहीतरी नवीन पद्धत, असं धरून ते गप्प बसले असतील. शिकलेल्या पोरांसमोर आपले जुने कारागीर असेच गप्प बसतात. "तुम्ही मला अडवलं का नाही" असं त्यांना विचारू नकोस. "तुम्ही हे कसं केलं असतं" असं विचार आणि वही घेऊन बस. अबोला त्या वहीवरच सुटेल. गणपतीची घाई उरकू दे आधी. सध्या त्यांच्याकडे माटव्या (गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटी) आणि चौरंग दुरुस्तीला आले असतील.

आता काय काय यावं लागतं ते. इंटिरिअरवाला एका घराचा विचार करतो. फर्निचर डिझायनर एका वस्तूचा विचार करतो, आणि ती वस्तू त्याने कधी न पाहिलेल्या घरांत, न पाहिलेल्या माणसांनी वापरायची असते. म्हणून त्याचं ड्रॉइंग वेगळं. स्केचअप सॉफ्टवेअरमध्ये खुर्ची फिरवून दाखवता येणं हे गिऱ्हाइकासाठी. कारागिरासाठी समोरून, बाजूने, वरून अशी मापं लागतात, सांधा कापून दाखवलेलं चित्र लागतं, आणि कटलिस्ट लागते: कुठला तुकडा, किती नग, लांबी, रुंदी, जाडी, लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने. शक्य असेल तिथे प्लायच्या तुकड्यावर पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढ. कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, किती लांब, खाच किती खोल, दोन कुसवं आत एकमेकांवर आदळतात की काय, हे पूर्ण मापात लगेच दिसतं. पडद्यावर सगळंच बसतं.

याची एक परीक्षा मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला देतो. एका साध्या स्टुलाचं ड्रॉइंग काढ, बाबांच्या हातात दे आणि दुपारपर्यंत शेजारी जाऊन बस. फोन चालू ठेव. बाबांचा जितक्या वेळा फोन येईल तितक्या गोष्टी तुझ्या ड्रॉइंगमध्ये राहिल्या. पहिल्या खेपेला दहा-बारा फोन येतील. ज्या दिवशी एकही येणार नाही त्या दिवशी तुला ड्रॉइंग येतं. मात्र घरी आल्यावर स्टूल नीट बघ. कधीकधी फोन येत नाही कारण त्यांनी आपल्या मनाने केलेलं असतं.

मी स्वतः या धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका ओळखीच्या घरी कपाट करायचं होतं. खोलीवर पोटमाळा, खालून त्याची उंची नेमकी 96 इंच. मी कपाट 94 इंच उंच आणि 24 इंच खोल काढलं. वर दोन इंच मोकळे, मी खूश. कपाट आडवं ठेवून जोडलं आणि उभं करायला गेलो तर अर्ध्यात अडकलं. आठवीतला पायथागोरस: 94 आणि 24 यांचा कर्ण 97 इंच. एका इंचाने गेलो. घरात पूजा, पाहुणे जमलेले, आणि मी जमिनीवर बसून नव्या कोऱ्या कपाटाचा तळ करवतीने कापतोय. मिस्त्री एक शब्द बोलला नाही. परत येताना टेम्पोत म्हणाला, "सुटं करून नेलं असतं तर?"

हे "सुटं करून नेणं" आपल्या कोकणात फार कामाचं. तुझं गिऱ्हाईक पुढेमागे पुण्या-मुंबईचं असणार. घाटातून किंवा महामार्गावरून टेम्पो जाणार आणि भाडं जागेचं पडणार. थोनेट या कारागिराने 1859 साली एक खुर्ची काढली, ओळखतात ती 14 नंबरची खुर्ची म्हणून. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस. एक मीटर लांब, रुंद, उंच पेटीत सुट्या 36 खुर्च्या मावत आणि पोचतील तिथे जोडल्या जात. जगभर खपली. तुझ्या टेबलाचे पाय निघत होते का? पत्रात काही लिहिलेलं नाहीस, म्हणजे नसावेत.

मग माणूस. मापं पुस्तकात मिळतात: जेवणाच्या टेबलाची उंची 29 ते 30 इंच, खुर्चीची बैठक 17 ते 18, बैठकीपासून टेबलाच्या माथ्यापर्यंत 11 ते 12, माणशी 24 इंच रुंदी. पाठ ठेव पण विश्वास ठेवू नकोस. अंगणात जांभ्याचे चिरे असतीलच. दोन चिऱ्यांवर फळी टाक आणि खाली अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या पट्ट्या घालून बैठक 15 इंचांपासून 18 पर्यंत चढवत ने. घरातलं, वाडीतलं प्रत्येक माणूस बसव. वहीत लिही कोणाचे पाय टेकले, कोणाचे लोंबकळले, कोणाला उठताना हात टेकायला लागला. आजी सोळाच्या वर खूश नसेल. मुंबईहून आलेला उंच भाचा अठराला पण कुरकुरेल. पाठ टेकायला मागे एक फळी धर आणि हळूहळू तिरकी कर. कुठल्या तिरकेपणाला माणूस गप्पा मारायला लागतो ते बघ. माणूस बसल्या जागी वळवळायचा थांबला की बैठक जमली. होमस्टेमध्ये सत्तरीचे आईवडील येतात, दहा वर्षांची पोरं येतात. त्या खुर्चीला हात हवेत की नकोत, हे चिऱ्यावर बसवलेल्या आजीकडून जेवढं कळेल तेवढं सॉफ्टवेअरमधून नाही.

समुद्राचं एक वेगळंच शास्त्र आहे आणि ते शिकायला तू योग्य गावात जन्मलीस. खाऱ्या हवेत साध्या लोखंडी स्क्रूला एका पावसात तांब चढते, आणि साग, ऐन यांसारख्या लाकडात लोखंडाभोवती काळा डाग धरतो. पितळी स्क्रू वापर, नाहीतर स्टेनलेस, आणि अगदी किनाऱ्यावर असेल तर 316 ग्रेडचं. पितळ मऊ असतं, म्हणून आधी बारीक भोक पाड, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढ आणि मग पितळी बसव, म्हणजे मान तुटत नाही. प्लाय घ्यायचाच असेल तर त्यावर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का बघून घे. कपाटाची पाठ भिंतीला चिकटवू नकोस, हवा खेळू दे, नाहीतर ऑगस्टमध्ये आतल्या साड्यांना बुरशी. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि देखणं, पण त्याला कीड फार लवकर लागते. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवल्याशिवाय हात लावू नकोस. फणस पिवळाधमक असतो आणि उजेडाने वर्षभरात तपकिरीकडे जातो, तेव्हा गिऱ्हाइकाला पिवळ्याचा फोटो दाखवून विकू नये. सॉ मिलमध्ये जाऊन चार दिवस नुसती उभी राहा. ओंडका कसा लावला की फळीच्या टोकाला वाढीच्या कड्या (झाडाची वर्तुळं) आडव्या येतात आणि कसा लावला की उभ्या, ते बघ. आडव्या कड्यांची फळी उभ्या कड्यांच्या फळीपेक्षा रुंदीत साधारण दुप्पट हलते. तुझ्या टॉपमधल्या फळ्या कुठल्या होत्या, बाबांना टोक बघून सांगता येईल.

पैशाचं बोलायला आपल्याकडे पोरांना लाज वाटते, म्हणून मी मुद्दाम बोलतो. सॉ मिलमध्ये लाकूड घनफुटाने मिळतं. लांबी फुटांत, रुंदी इंचांत, जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले 144. तुझा टॉप सव्वा इंच जाड धरला तर 6 × 36 × 1.25 म्हणजे 270, भागिले 144, म्हणजे 1.875 घनफूट. पण रंधा, गाठी, टोकं यात जाणारं धरून विकत घ्यायला अडीच घनफूट लागेल. त्यावर पायांचं लाकूड, स्क्रू, पॉलिश, बाबांचे दिवस, टेम्पो, आणि तुझे दिवस. शेवटचं तू लावलंच नसशील, पैज लावतो. माळ्यावरच्या फळ्यांचे पैसेही लावले नसशील, कारण त्या "घरच्याच" होत्या. घरचं म्हणून फुकट धरलंस तर पुढचं टेबल कुठल्या फळ्यांचं करशील?

अहमदाबादचं. राष्ट्रीय डिझाइन संस्था तिथे 1961 पासून आहे, फर्निचर आणि इंटिरिअर डिझाइनचा स्वतंत्र अभ्यासक्रम तिथे चालतो. पवईला आयआयटीचं डिझाइन केंद्र आहे, 1969 चं, पण ते जास्त करून प्रॉडक्ट डिझाइनकडे झुकलेलं. दोन्ही चांगल्या जागा. तुझी अडचण अशी की बारावीनंतर लगेच घ्यायच्या प्रवेशाचं वय तुझं उलटलंय, आणि पदव्युत्तरसाठी पवईची सीड परीक्षा द्यायची तर बारावीनंतरचं किमान तीन वर्षांचं शिक्षण पाठीशी लागतं. तुझा डिप्लोमा दोन वर्षांचा. मनापासून जायचं असेल तर आत्ताच घरून पदवीला नाव घाल, मुक्त विद्यापीठ आहे, आणि अर्जाआधी त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका अक्षरन् अक्षर वाच. पण जाण्याआधी बाबांच्या पडवीत एक अख्खा पावसाळा आणि एक अख्खा उन्हाळा काढ, असं माझं मत. तिथे गेलेली शहरातली मुलं पहिलं वर्ष पटाशी धरायला शिकण्यात घालवतात. तू ते शिकून गेलीस तर ते वर्ष तुला दुसऱ्या कामाला मिळेल.

आणि जवळची दारं विसरू नकोस. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. तिथल्या कारागिरांकडून लाकूड कसं कातायचं आणि रंग कसा चढवायचा हे बघता येतं. कुडाळला कोनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे. आपला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटेही नसतात, त्यामुळे खुर्ची-टेबलासाठी त्याच्यासारखा नाही. सुताराच्या मुली सहसा बांबूला कमी लेखतात. तू लेखू नकोस.

रंध्याचं. लोक बघतात, बघू देत. पहिले आठ दिवस बघतील, नवव्या दिवशी कोणीतरी खाटेचा मोडका पाय घेऊन येईल आणि "बाबा नाहीत तर तूच कर" म्हणेल. मात्र एक सांगतो, रंध्याचं पातं स्वतः लावायला शीक. लोक रंधा मारणाऱ्या बाईला नाही हसत, बोथट पात्याने झुंजणाऱ्या कोणालाही हसतात. ओढणी आणि मोकळे केस मशीनजवळ नकोत. हे मुलगी म्हणून नाही, आमच्याकडे एका पोराच्या शर्टाची बाही गेली होती.

आता राहिलं तारकर्लीचं टेबल. मालकांना उद्याच फोन कर आणि सांग, चूक डिझाइनची आहे, लाकडाची नाही, आणि दुरुस्ती आमच्या खर्चाने. गणपती झाले की जा. ऐनाची चौकट डिंकाच्या रेषेवरून करवतीने कापून काढ, नवी लावू नकोस. कडा गोल करून घे. खाली तीन आडव्या पट्ट्या दे. मधल्या स्क्रूची भोकं गोल, बाकीची रुंदीच्या दिशेने लांबट, म्हणजे टॉप सरकेल पण वाकणार नाही. पॉलिश वरून जेवढे हात तेवढेच खालून. मला खात्री आहे की एप्रिलमध्ये खालची बाजू कोरी सोडली होतीत, सगळेच सोडतात. सप्टेंबरात टॉप फुगलेला असेल, तेव्हा लांबट भोकातला स्क्रू कडेकडच्या टोकाला ठेव, कारण मार्चपर्यंत फळी आकसून मध्याकडे सरकणार आहे आणि स्क्रू तिच्याबरोबर आत येणार आहे. टेप लावून रुंदी मोज आणि पट्टीच्या पोटावर पेन्सिलने तारखेसकट लिहून ये. मार्चमध्ये पुन्हा मोजायला जा.

पितळी स्क्रू घरून ने. आणि बाबांना बरोबर घे, तो टॉप एकटीने उलटा होणार नाही.

– काका